टाके बघायचा दिवस

धोंडुबाईचा कुणावरच विश्वास बसत नाही, हे मंगळवार पेठेत सगळ्यांना ठाऊक आहे. दूधवाल्यादेखत ती दुधात बोट बुडवून बघते, भाजीवाल्याचा काटा स्वतः तपासते. त्यामुळे जनावरांची डॉक्टर असलेली आफशीन दारात येऊन म्हणाली, "आज्जी, तुमच्या ठकी कुत्रीचं पिल्लं बंद करायचं ऑपरेशन करून घेऊया की. आमची संस्था फुकट करतीया," तेव्हा धोंडुबाईने आधी तिला डोक्यापासून चपलांपर्यंत न्याहाळलं. फुकट म्हटल्यावर तर तिच्या कपाळावरच्या आठ्या दुप्पट झाल्या.

"नुसती पिल्लं थांबत न्हाईत आज्जी," आफशीन सांगत होती. "पिशवीत पू व्हायचं भ्या जातंय. लवकर केलं तर सडांच्या गाठीबी कमी हुत्यात. भूल दिल्यावर काय कळत न्हाय, संध्याकाळी घरी."

हे शेवटचं ऐकून धोंडुबाईने कान टवकारले, कारण ते वाक्य तिचंच होतं. कागलकडच्या एका आरोग्य केंद्रात तिची सगळी नोकरी झाली, आणि त्या नोकरीतलं मोठं काम म्हणजे बायकांना कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनला राजी करणं. 'केस आणणं' म्हणायचे त्याला. मार्च आला की वर्षाचा आकडा पुरा करायला साहेब लोक केसेससाठी घायकुतीला यायचे. बाईला न्यायला जीप, तोंडावर गोड बोलणं. एकदा टाके पडले की त्या घराकडे कुणी फिरकायचं नाही. धोंडुबाई तेवढी टाके बघायच्या दिवशी उन्हातान्हात पायपीट करत जायची, बाजेशेजारी बसून जखम बघायची. साहेबांना त्याचं काही पडलेलं नव्हतं. तो राग तिच्या अंगात अजून आहे.

"तुला किती केसा पायजेत गं?" तिने विचारलं.

"कसल्या केसा?"

"सगळं कळतंय मला. एका कुत्र्यामागं काय मिळतंय?"

पोरगी गोंधळली. "पगार हाय की मला, आज्जी."

हे उत्तर धोंडुबाईला अजिबात पटलं नाही.

पण भाद्रपद तोंडावर आला होता. नवरा गेल्यापासून घरात दुसरा जीव म्हणजे ठकीच. गेल्या खेपेला ती पाण्याच्या टाकीमागे व्याली, एकही पिल्लू जगलं नाही, आणि ती स्वतः अन्नाला तोंड न लावता पडून राहिली. धोंडुबाईने चमच्याने पेज पाजून तिला उठवली होती. आणखी एक बाळंतपण झालं तर ठकी हातची जाणार, हे समजायला डॉक्टर लागत नव्हता. भाद्रपद लागला की पेठेतली सगळी कुत्री दारात येऊन बसणार. काठी घेऊन उंबऱ्यात राखण करण्याइतकी ताकद आता धोंडुबाईत राहिली नव्हती.

शेवटी ती तयार झाली, पण ठकीबरोबर स्वतः गाडीत बसून गेली. ऑपरेशनच्या खोलीबाहेर दारावर डोळे रोखून बसली. ठकी झोकांड्या खात बाहेर आल्यावर तिने तिथल्या तिथे टाके पाहिले. ते सरळ होते, त्यामुळे बोलायला जागाच राहिली नाही. घरी येऊन मात्र ती शेजारच्या अंबूबाईला म्हणाली, "आता बघ तू. टाकं बघायला कुत्रंबी येत न्हाय. केस झाली, संपलं."

टाके बघायच्या दिवशी सकाळपासून ती दार सताड उघडं ठेवून बसली. वाट बघायला नव्हे, आपलं म्हणणं खरं ठरताना बघायला, असं तिने अंबूबाईला बजावलं. दुपार टळली. "बघितलंस?" असं ती म्हणाली आणि तेवढ्यात दारात स्कूटर थांबली.

"कुठं हाय ठकी?" आफशीनने चपला काढत विचारलं.

"खाटंखाली. मलाबी दाद देत न्हाय ती."

पोरीने ओढणी कमरेला खोचली, फरशीवर पालथी आडवी झाली आणि खाटेखाली निम्मी आत शिरली. बाहेर तिचे धुळीने माखलेले तळपाय तेवढे दिसत होते. आतून "ये बाळा, पोट दाव बघू," असं लाडीगोडी लावणं चाललं होतं. धोंडुबाई त्या तळपायांकडे बघत राहिली. आपणही किती घरांतून असं वाकलो, हे तिला आठवलं आणि डोळे भरून आले. मग उठून तिने चहा ठेवला आणि पोरीच्या कपात साखर जास्त घातली.

दुसऱ्या दिवशी ती अंबूबाईच्या दारात उभी. अंबूबाईचा टायगर दर भाद्रपदात गायब व्हायचा आणि फाटक्या कानाने लंगडत परत यायचा.

"गडी कुत्र्याचंबी करत्यात, अंबू. भटकायचं, भांडायचं कमी हुतंय. काय कळत न्हाय त्याला, संध्याकाळी घरी." अख्ख्या नोकरीत धोंडुबाईला ऑपरेशनला एक गडी माणूस मिळाला नव्हता, दरवेळी पुढे यायच्या त्या बायकाच. टायगर तयार झाला तर तो पहिला.

अंबूबाईने हातातलं सूप खाली ठेवलं आणि तिला डोक्यापासून चपलांपर्यंत न्याहाळलं.

"आक्का, तुला किती मिळतंय गं यात?"

एरवी धोंडुबाईने पेठ डोक्यावर घेतली असती. आज तिला राग आला नाही.

"टाकं बघायला मी येणार हाय," ती म्हणाली.