आवाज विकणे आहे

हे कुणाला सांगायचं नाही, असं ताईने मला बजावलं आहे. “धंद्यातल्या गोष्टी घराबाहेर जाता कामा नयेत,” असं ती म्हणते. पण आमच्याकडे रोज काहीतरी घडतं, आणि मी कमी बोलणारी असल्यामुळे ते सगळं माझ्याकडेच साठत जातं. आता जागा उरली नाही. म्हणून सांगते. तुम्ही मात्र मनात ठेवा.

ताई आणि तिची कॉलेजमधली मैत्रीण गुरलीन कम्प्युटर गेम्ससाठी आवाज तयार करतात आणि इंटरनेटवर विकतात. तलवारींचे, दारांचे, राक्षसांचे. कारखाना म्हणजे आमच्या नोएडातल्या फ्लॅटमधली ताईची आणि माझी खोली. पूर्वी माईक मी धरत असे. गुरलीन आल्यापासून माईक ती धरते आणि मी पंखा बंद करते.

“मुक्ता, तू तो हमारी सायलेन्स मॅनेजर है!” गुरलीन म्हणते. ती ताईच्या पलंगावर बूट घालून बसते. आई तिला दुसरा पराठा न विचारता वाढते. मला विचारते.

आवाजांच्या प्रत्येक पॅकखाली दोन नावं असायची : केतकी, म्हणजे ताई, आणि गुरलीन. तिसरं नाव माझं हवं, असं मला फार वाटायचं. बोलले कधी नाही.

*

सुरुवातीला दोघींनी तलवारीचे आवाज दुसऱ्याच एका साइटवरून उतरवून घेतले होते. त्यावर ‘रॉयल्टी फ्री’ लिहिलं होतं. फ्री म्हणजे आपलंच, असं समजून ते आपल्या पॅकमध्ये घालून विकायला ठेवले. थोड्याच दिवसांत पॅक विक्रीच्या साइटवरून गायब! मूळ मालकाने तक्रार केली होती. आवाज आपल्या गेममध्ये वापरायला मोकळीक होती, पुन्हा विकायला नव्हती.

बाबांचा जन्म सरकारी ऑफिसात फायली वाचण्यात गेला. त्यांनी चष्मा लावून सगळ्या अटी वाचल्या.

“स्पष्ट लिहिलंय की! लायब्ररीतून पुस्तक वाचायला आणलंस, म्हणून ते रद्दीवाल्याला विकशील का?”

गुरलीन म्हणाली, “वाह अंकल, क्या समझाया!” बाबा खूश.

त्या अटी मी आधीच वाचल्या होत्या. मला कुणी विचारलंच नव्हतं.

*

तेव्हापासून सगळं घरीच बनवायचं असं ठरलं. परातीवर उलथनं आपटलं की तलवार. कुकरचं झाकण फिरवलं की तुरुंगाचं दार.

एकदा आई पीठ मळायला परात शोधत खोलीत आली. आत युद्ध चालू होतं. ताईने ओठांवर बोट ठेवून तिला थांबवलं. आई थांबली, थांबली, आणि मग म्हणाली, “कोण जिंकतंय ते बघा आणि परात द्या. बाबांना भूक लागलीय!”

*

साबुदाणा वर्तमानपत्रावर ओतला तर हुबेहूब पाऊस वाटतो, हे मी शोधून काढलं. अगदी मीच. चतुर्थीला खिचडीची तयारी करताना.

तो पॅक खूप चालला. एका ग्राहकाने लिहिलं, “इतका खरा पाऊस आम्ही कुठेच ऐकला नव्हता.” गुरलीन कॉलेजभर सांगत सुटली, “रेन वाला तो मेरा बेबी है यार! सारा कमाल माइक के अँगल का है.”

पाऊस गुरलीनचा झाला. झाडून मी काढला.

*

वीज गेली की सोसायटीचा जनरेटर सुरू होतो आणि रेकॉर्डिंग बंद पडतं. एका दुपारी ताईने चिडून माईकच खिडकीबाहेर धरला. तो आवाज पुढे अवकाशयानाचं इंजिन म्हणून विकला गेला! गुरलीनने हे लिफ्टमध्ये सगळ्यांना सांगितलं. संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी त्यागी अंकल दारात हजर.

“भाईसाहब, जनरेटर सोसायटी का है. तो आवाज़ भी सोसायटी की हुई!”

बाबांनी समजावलं, की यंत्र तुमचं असलं तरी रेकॉर्डिंगवरचा हक्क ते करणाऱ्याचा. त्यागी अंकल काही ऐकेनात. शेवटी आई आतून म्हणाली, “भाईसाहब, आवाज़ आपकी है ना? तो ले जाइए! दिनभर हमारे घर में पड़ी रहती है.”

*

राक्षसाची गुरगुर ताईने माठात तोंड घालून केली होती. परदेशातल्या एका गेमवाल्याने ती विकत घेतली आणि विचारलं, “राक्षस शेवटी जो मंत्र म्हणतो, त्याचा अर्थ काय?”

मंत्र? आम्ही कान देऊन ऐकलं. गुर्रर्र, गुर्रर्र, आणि मागून बारीक आवाजात आई : “अगं केतकी, दूध उतू गेलं!”

बाबा म्हणाले, “त्याला खरं काय ते कळव. आणि आईची लेखी परवानगी घे, आवाज तिचा आहे.” आईने सही करण्याआधी अट घातली, “राक्षस मरता कामा नये.”

मग त्या पॅकखाली आईचंही नाव लागलं. आता घरात बिननावाची मी एकटीच उरले. तलवारींच्या अटी वाचून दिल्यापासून बाबांचं नावही आभारांत येतच होतं!

*

वेणी घालताना मी एक चाल गुणगुणते. कुठल्या गाण्याची नाही, माझीच आहे. एकदा माईक चालू राहिला आणि ती त्यात आली.

“केतकी, ये किसने बनाई? तूने?” गुरलीनने विचारलं. ताई हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. चाल साइटवर चढली.

एका गेमवाल्याला ती भारी आवडली. त्याला ती एक्सक्लुझिव्ह हवी होती, म्हणजे फक्त त्यालाच. गेम उघडताच वाजणार आणि पडद्यावर रचनाकाराचं नाव येणार. करारात त्या नावासाठी जागा रिकामी होती. ताई कीबोर्डवर हात ठेवून बसली.

“माझी आहे,” मी म्हणाले. इतकं हळू, की गुरलीन म्हणाली, “क्या?”

“चाल माझी आहे.”

ताईचे कान लाल झाले. “तू अजून अठराची नाहीस. तुझी सही चालत नाही.”

“माझी चालते,” बाबा दारातून म्हणाले.

ते करार घेऊन बसले. एका कलमापाशी अडले. विक्रीनंतर ही चाल रचनाकारासकट दुसऱ्या कुणीही कुठेही गायची नाही, असं त्यात होतं.

“म्हणजे पोरीने आपल्याच घरात तोंडाला कुलूप लावायचं?” बाबांनी एक ओळ वाढवली. कु. मुक्ता हिला ही चाल घरात, बाल्कनीत आणि स्कूल बसमध्ये गुणगुणण्याची मुभा राहील.

“बाबा, गिऱ्हाईक पळून जाईल!” ताई रडकुंडीला आली.

गिऱ्हाइकाचं उत्तर आलं, “मान्य. लिफ्टचं काय?”

बाबांनी लिफ्ट घातली.

गेम आला. पडद्यावर माझं नाव, एकटंच. गुरलीनने मला मिठी मारली. ताईने “छान” म्हटलं आणि लगेच कसलीतरी केबल गुंडाळायला घेतली.

आणि काल मी अभ्यास करत होते, तर स्वयंपाकघरातून ती चाल ऐकू आली. ताई चहा करता करता गुणगुणत होती. अख्खी, शेवटच्या वळणासकट! ओट्याला टेकून गुरलीन मान डोलवत होती.

मी दारात जाऊन उभी राहिले. मनात शब्द जुळवत बसले नाही, तोंडातून निघूनच गेलं.

“ताई, कलमात तुझं नाव नाहीये.”

ताईच्या हातातली गाळणी तशीच राहिली. गुरलीनने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चहा उकळत होता. मग ताईने गॅस बंद केला, माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “मुक्ते, मग तू मला मुभा...” आले गं आई, आले! एक मिनिट हं, आई बोलावतेय, तर ताई म्हणाली, की मी तिला...