अक्कांचा पेला

अक्कांच्या उजव्या अंगठ्याचं नख कायम राखाडी असायचं. सुरतेतल्या लिंबायतच्या एका खानदेशी लूम कामगाराची ही लेक इंजिनियर होऊन शहराभोवतीच्या म्हाताऱ्या तेलविहिरी दुरुस्त करायची. ज्या दिवशी अक्का कुणाशी भांडल्या नाहीत, तो दिवस सुट्टीचा समजावा. मी त्यांच्या हाताखाली रिगवर, म्हणजे विहिरीवर उभ्या करायच्या यंत्रमनोऱ्यावर, कामाला होतो.

जुन्या विहिरीत लोखंडी पाइपाभोवतीचं सिमेंट तडकतं आणि खालचा गॅस त्या फटीतून वरच्या पाण्याच्या थरात शिरतो. मग पाइपाला भोकं पाडून बाहेर दाबानं नवं सिमेंट भरायचं आणि ते घट्ट होईस्तोवर गप्प बसायचं. हे बसणंच कुणाला जमत नाही. अक्का त्याच सिमेंटनं चहाचा पेला भरायच्या, विहिरीत दाब सोडायच्या वाल्वच्या चाकासमोर खुर्ची टाकायच्या आणि मधूनमधून पेल्यात नख दाबून बघायच्या.

ओलपाडकडच्या एका गावात बोअरच्या पाण्यातून बुडबुडे यायला लागले होते. बायका लांबून हंडे आणत होत्या. शेजारच्या आमच्या तेलविहिरीत सिमेंट भरून झालं न झालं तोच साहेबांचा फोन आला. रिग दुसरीकडे हवी होती.

"दाब देऊन चाचणी उरका आणि निघा."

"सिमेंट ओलं आहे, साहेब. आत्ता दाब दिला तर परत फट पडेल."

"अहो, खाली उष्णता असते. तिथं लवकर घट्ट होतं."

"खूप खोल असतं तर झालं असतं. हे पाण्याच्या थराजवळ आहे."

"तुमची बदली करीन मी!"

"करा. तिथंही चहाचा पेला मिळेलच."

फोन ठेवून त्या आमच्याकडे वळल्या. संतापल्या की त्या घरच्या अहिराणीवर यायच्या. "नख रुतस आजून. कोन्ही हात लावानं नही!" कुणाची छाती होती हात लावायची? दुसऱ्या दिवशी नख रुतेना. तेव्हा कुठं त्यांनी चाक फिरवू दिलं. दाब चढवून ठेवला, तरी काटा खाली आला नाही; फट बुजली होती. पुढे बोअरचे बुडबुडेही थांबले.

बदली मात्र झालीच. त्याचा राग मला आजही आहे. निरोपाच्या चहाला आमचे चेहरे पडलेले पाहून त्या खेकसल्या, "मी चाललेय, सिमेंट नाही चाललेलं. ते नीट भरा."

गेल्या वर्षी अक्का वारल्या. परवा दुसऱ्या एका विहिरीवर नव्या साहेबांनी तीच घाई मांडली. मी चाकासमोर खुर्ची ओढली आणि पेल्यात अंगठा दाबला.

"बदली करीन," साहेब म्हणाले.

"करा," मी म्हणालो. नख अजून रुतत होतं.