संघमित्राने कोरलेला डोंगर

संघमित्रा जळगावच्या एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढते. मूळची पहूरची. वडील आधार एसटीत कंडक्टर होते आणि त्यांची बहुतेक नोकरी अजिंठ्याकडे जाणाऱ्या गाडीवर झाली. धाकटा भाऊ समाधान पाचोऱ्याला कामाला लागला, तेव्हा त्याचा जुना कॉम्प्युटर ताईच्या भाड्याच्या खोलीतच राहिला. त्यात ठोकळ्यांचा एक गेम होता.

त्या गेममधलं सगळं जग ठोकळ्यांचं. माती, दगड, झाडं, ढगसुद्धा. लोक त्यात घरं बांधतात, किल्ले बांधतात. संघमित्राला बांधावंसं वाटलंच नाही. फिरता फिरता तिला नदीच्या वळणावर एक उभा कडा दिसला आणि शाळेच्या सहलीत ऐकलेलं आठवलं. लेणं कोणी बांधत नाही. नको तेवढा दगड काढून टाकतात, उरतं ते लेणं. कामही वरून सुरू होतं. आधी छत, मग खांबांची डोकी, आणि जमीन सगळ्यात शेवटी.

तिने तसंच करायला घेतलं. नियम एकच घातला: काढलेला ठोकळा परत लावायचा नाही. गेममध्ये तो लावता येतो, पण खऱ्या डोंगरात येत नाही ना.

ड्युटीवरून आली, चहा झाला, की ती बसायची. आज छताची एक कमान, उद्या अर्धी. उठताना एक बटण दाबायची. त्याने पडद्याचा फोटो निघतो. तो कुठे जातो हे तिने कधी शोधलं नाही. आजचं काम संपलं, एवढाच त्या बटणाचा अर्थ. अशी तीन वर्षं गेली. आत चैत्यगृह उभं राहिलं. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, टोकाला स्तूप आणि दर्शनी भिंतीत घोड्याच्या नालेसारखी मोठी खिडकी.

यंदाच्या मे महिन्यात एका संध्याकाळी वीज सारखी ये-जा करत होती. कॉम्प्युटर मधेच बंद पडला. परत सुरू केला तर गेम उघडला, पण डोंगर काही उघडेना.

रविवारी समाधान आला. दुपारभर खटपट करून त्याने खुर्ची मागे सरकवली.

"ताई, ती फाइलच खराब झालीय. तुझं जग गेलं."

संघमित्रा उठली. गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे काढू लागली. टॉवेलची घडी तीनदा करूनही नीट बसेना.

आतून समाधानने विचारलं, "फोटोचं बटण दाबायचीस का तू कधी?"

"रोज. उठताना."

"रोज? अगं मग ते असतील की कुठेतरी!"

गेम ते फोटो एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवत होता. समाधानने तो उघडला आणि पडदा बारीक बारीक चित्रांनी भरून गेला. तो खाली सरकवत गेला, चित्रं संपेनात. तरी पहिल्या वर्षाचे फोटो त्यात नव्हते. मधे कधीतरी त्याने गेम नव्याने टाकला होता. तेव्हाचं सामान 'जुनं' नावाच्या फोल्डरमध्ये सापडलं, त्याच्या आत आणखी एक 'जुनं', आणि त्यात ते फोटो.

समाधान संध्याकाळच्या गाडीने गेला. पुढचं काम तिचं एकटीचं. तिने आधी छत, खांब, स्तूप असे वेगवेगळे फोल्डर केले. पण एकाच फोटोत छतही असायचं आणि खांबही. तो ठेवायचा कुठे? दोन-तीन दिवस असाच गोंधळ झाला. शेवटी तिने सगळे फोल्डर मोडले. प्रत्येक फोटोच्या नावातच तारीख होती. चुकून निघालेले, नुसत्या भिंतीचे, मधे गेममधली गाय आलेले फोटो बाजूला काढले आणि उरलेले तारखेप्रमाणे ओळीने लावले. पहिला फोटो उघडला आणि उजव्या बाणाचं बटण दाबून धरलं.

डोंगर उघडू लागला.

आधी कड्यावर नुसती एक काळी फट. ती रुंद झाली, आत शिरली. काळोखात छताच्या कमानी एकेक करून उमटल्या. मग छतापासून खांब खाली उतरू लागले, पारंब्या उतराव्यात तसे. जमीन खाली खाली जात राहिली. मागच्या दगडातून स्तूपाचा माथा वर आला, मग घुमट, मग बैठक. कोणी काही करत असल्याचं दिसत नव्हतं. जणू ते सगळं आधीपासून आतच होतं आणि डोंगर फक्त बाजूला होत होता.

संघमित्राने बटण सोडलं. हे आपण केलं, यावर तिचा विश्वास बसेना. रोज तिला दिसले होते ते समोरचे चार ठोकळे. सबंध काम ती आज पहिल्यांदा पाहत होती.

एका फोटोपाशी तर ती बराच वेळ थांबली. खिडकी आरपार झाली त्या दिवशीचा तो फोटो. स्तूपाजवळून घेतलेला. खिडकीच्या बरोबर मधोमध मावळता सूर्य होता. तिने दिशा मोजली नव्हती, काही ठरवलं नव्हतं. सूर्य येऊन थांबला होता आणि ती बटण दाबून उठून गेली होती.

पुढच्या आठवड्यात आधार आणि आई पार्वताबाई डोळे तपासायला जळगावला आले. तिने दोघांना पडद्यासमोर बसवलं. पार्वताबाईंनी पदर तोंडाशी धरला तो तसाच राहिला.

आधार म्हणाले, "थांब व माय. मांगं घे जरा. हे खांब आधी जाड व्हते ना? मंग बारीक कसे झाले?"

"एका खांबाचा ठोकळा चुकून जास्त निघाला, बाबा. परत लावायचा नाही असं ठरवलेलं. मग बाकीचे सगळे त्याच्या मापाचे केले."

"बठ्ठे?"

"सगळे."

आधारांनी पडद्यावरचे खांब बोटाने मोजले. मग म्हणाले, "मी जनमभर वरडलो, चला, लेणीवाले उतरा. लोक उतरायचे, मी घंटी मारून पुढं. लग्नाआधी एकदा पळत पळत पाह्यली तेवढीच. मले ने आता."

अजिंठ्याला दोघंच गेली, संघमित्रा आणि आधार. आईला पायऱ्या झेपत नव्हत्या, ती घरीच राहिली. मोठी लेणी पाहून झाल्यावर ते एका अर्धवट राहिलेल्या लेण्याशी आले. तिथे गर्दी नव्हती. आत छत पुरं झालेलं, काही खांब घडलेले, काही नुसते चौकोनी दगड. मागची भिंत छिन्नीच्या घावांनी भरलेली. काम जिथे थांबलं होतं, तिथे तसंच थांबलेलं.

संघमित्रा दारातच थबकली. हे तिने पाहिलेलं होतं. तिच्या फोटोंच्या ओळीतला, साधारण मधला एक फोटो होता हा. फक्त दगडाचा, आणि कितीतरी शतकं तसाच उघडा राहिलेला.

आधार टोपी काढून उभे होते. म्हणाले, "संघे, ज्यानं हे छत कोरलं, त्याले खालची जमीन दिसलीच नसंल."

"नाही, बाबा."

"तरी केलं."

तिने मान वर केली. छतावरचे घाव एका तिरक्या रेषेत, शेजारी शेजारी, पार कोपऱ्यापर्यंत गेलेले होते. बापलेक बराच वेळ तसेच वर पाहत उभे राहिले.