पत्रकाची शेवटची ओळ

सकाळचे साडेआठ वाजले होते आणि प्रिंटर गप्प होता.

मी प्रिंट दिली, थांबले, पुन्हा दिली. प्रिंटरचा हिरवा दिवा लागलेला होता, कागद भरलेला होता, वायर दोन्ही टोकांना घट्ट होती. स्क्रीनवर मात्र कोरडी सूचना आली: प्रिंटर सापडत नाही. तो माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर होता.

साडेअकराला शाळा सुटणार होती. शनिवारची सकाळची शाळा. आमच्या वस्तीतली ही चौथीपर्यंतची शाळा बंद करून मुलांना हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवायचं असं वर कुठेतरी ठरत आलं होतं. बारा वाजता पालकसभा होती. शिक्षण खात्याचे साहेब येणार होते आणि पालकांच्या सह्या घेणार होते. कागद संमतीचा होता, पण पालकांना हजेरीची सही एवढंच सांगितलं गेलं होतं. सहा-सात वर्षांची मुलं रोज तो हायवे ओलांडणार, जिथे सर्व्हिस रोडला कंटेनर वळताना आम्ही मोठी माणसंसुद्धा भिंतीला चिकटून उभी राहतो. सह्या व्हायच्या आधी, शाळेच्या फाटकावरच, आई-बापांच्या हातात आमचं पत्रक पडायला हवं होतं. सही झाल्यावर त्या पत्रकाला रद्दीचा भाव.

माझ्याकडे तीन तास होते.

मी पत्रकांवर वाढले, हे मी नेहमी अभिमानाने सांगते. बाबा सातपूरच्या कारखान्यात मशीनवर होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. मला अक्षरओळख झाली ती 'कामगार बंधू-भगिनींनो' या शब्दांवर. आई पत्रकांच्या घड्या घालायची, ताई आणि मी शंभर-शंभरचे गठ्ठे बांधायचो. बाबांचा एकच नियम होता. पत्रकाच्या तळाशी, बारीक अक्षरात का होईना, लिहिणाऱ्याचं नाव आणि छापणाऱ्याचं नाव असलंच पाहिजे. ती ओळ नसेल तर बाबा गठ्ठाच्या गठ्ठा परत पाठवायचे. "निनावी कागद भिंतीवरच्या शिवीसारखा," ते म्हणायचे. "ज्याला उत्तर द्यायचंय त्यानं कोणाला द्यायचं?" मोठी झाल्यावर मी स्वतः लिहायला लागले, तेव्हा हा नियम मी बाबांपेक्षा कडक पाळला. फेसबुकवर खोट्या नावाने लिहिणाऱ्या मित्रांशी मी भांडले आहे. एकाशी अजून बोलत नाही.

बाबांची सगळी पत्रकं पंचवटीतल्या एकाच छापखान्यात छापली जायची. शुक्रवारी मी तिथे गेले, तर मालकाने मजकूर वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, "मशीन दुरुस्तीला काढलंय गं. सोमवारनंतर बघू." त्याच्या मागे पडद्याआड मशीन चालल्याचा आवाज येत होता. तो मला ऐकू येतोय हे त्याला कळत होतं. त्याने मान खाली घातली.

म्हणून घरचा प्रिंटर. मी टायपिंगची कामं घेते, त्यासाठी घेतलेला जुना लेझर. शाळेसमोरचा झेरॉक्सवाला शाळेचीच कामं करतो. तिथे गेले असते तर पत्रक पालकांच्या आधी मुख्याध्यापकांनी वाचलं असतं. बाकीची दुकानं अकराशिवाय उघडत नाहीत.

नऊ वाजता मी ताईला फोन लावला. ताई पुण्यात एका कंपनीत हेच करते, लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर फोनवरून दुरुस्त करणं. आमच्या घरात तिने पत्रकं सोडून नोकरी धरली असं मी एकदा बोलले होते, आणि तिने ते जपून ठेवलंय.

"क्रांती अडकली का?" ती म्हणाली.

"ताई, चेष्टा नको. साडेअकराच्या आत एकशेवीस पत्रकं हवीत."

"बरं. किती वेळा प्रिंट दाबलीस?"

"दोनदा."

"खरं सांग."

"चौदा वेळा."

"सगळे असंच करतात. लिफ्टचं बटण दाबल्यासारखं." मग तिने मला सर्व्हिसेसची यादी उघडायला लावली. कॉम्प्युटरच्या पोटात सतत चालणाऱ्या कामांची ती भलीमोठी यादी होती, आणि त्यातलं निम्मं काय आहे ते मला आजही माहीत नाही. "दुसऱ्या कशालाही हात लावू नकोस. प्रिंट स्पूलर शोध. त्याच्यापुढे काय लिहिलंय?"

काहीच लिहिलं नव्हतं. म्हणजे ते बंद होतं.

ताईने सांगितलं ते सोपं होतं. आपण दिलेली प्रत्येक प्रिंट हा स्पूलर रांगेत लावतो आणि एकेक करून प्रिंटरकडे पाठवतो. तोच झोपला तर कॉम्प्युटरला प्रिंटर दिसतच नाही. मी त्याला चालू केलं. प्रिंटर घरघरला. मी कागद घ्यायला हात पुढे केला, आणि मोजून दहा सेकंदांत स्पूलर पुन्हा बंद पडला.

पुन्हा चालू केला. पुन्हा दहा सेकंद.

"रांगेत काहीतरी घाण अडकलीय," ताई म्हणाली. "तो ते वाचायला जातो आणि कोसळतो. आता चालू केलास की लगेच रांगेची खिडकी उघड आणि पहिलं नाव काय दिसतंय ते वाच."

मी वाचलं. सगळ्यात वर, गुरुवारपासून अडकलेला कागद होता, 'मुदतवाढ अर्ज'. त्याच्याखाली माझं पत्रक, चौदा वेळा.

तो अर्ज आईचा होता.

आई आणि तिच्या बचत गटातल्या दोघी त्याच शाळेत मुलांसाठी पोषण आहाराची खिचडी करतात. दर वर्षी त्या कामाची मुदत वाढवून घ्यावी लागते आणि ती वाढवायची की नाही हे मुख्याध्यापकांच्या शेऱ्यावर ठरतं. गुरुवारी आईच्या फोनवर आलेला तो अर्ज छापायला मी प्रिंट दिली होती. काही आलं नाही. "राहू दे, हातानं लिहिते," आई म्हणाली, आणि मी विसरून गेले. विसरले म्हणण्यापेक्षा त्या अर्जाकडे मला बघायचं नव्हतं. कारण पत्रकाच्या तळाशी माझं नाव म्हणजे आईचंच आडनाव, आणि शेरा लिहिणारे मुख्याध्यापक आडनाव वाचल्याशिवाय राहणार नव्हते.

म्हणून त्या चौदाही प्रतींच्या तळाला नावाची ओळ नव्हती. मी ती टाकलीच नव्हती. जागा कमी पडत होती, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

बाबा मागे कधी येऊन उभे राहिले ते कळलं नाही. त्यांच्या हातात कागद फाडायची स्टीलची पट्टी होती. एका कागदावर दोन पत्रकं बसवली होती, ती मधून फाडायला ते तयार होऊन आले होते. त्यांनी चष्मा वर सरकवून स्क्रीनवरचा मजकूर तळापर्यंत वाचला.

"खाली नाव कुठंय?"

मी पान पुन्हा वर सरकवलं.

"फॉन्ट बारीक कर. बसेल."

"बाबा, आईनं हातानं लिहून दिलेला अर्ज तिथंच पडलाय. मुख्याध्यापकांच्या टेबलावर."

फोनमधून ताईचा आवाज आला, "हॅलो? आहात का? मला दहाला मीटिंग आहे." बाबा पट्टी टेबलावर ठेवून स्वयंपाकघरात गेले आणि कोणी न मागता चहा करायला लागले. नियम ज्याने शिकवला तोच माणूस ओट्यापाशी पाठ करून उभा आहे, हे मला त्याच्या रागापेक्षा जड गेलं.

"आधी सर्व्हिस बंद कर, मग रांगेतल्या फायलींचं फोल्डर रिकामं कर, मग चालू कर," ताई सांगत होती. "क्रम चुकवू नकोस."

मी क्रम चुकवला. घाईत चालू सर्व्हिस तशीच ठेवून फायली पुसायला गेले, तर फाइल वापरात आहे म्हणून नकार आला. दुसऱ्यांदा, त्या फोल्डरात शिरायला तुम्हाला परवानगी नाही, असं लिहून आलं. माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर. मी काहीतरी बोलले.

"त्याच्यावर निषेधाचं पत्रक नंतर काढ," ताई म्हणाली. "आता 'पुढे जा' दाब."

दहाला दहा मिनिटं होती. स्पूलर बंद केला, फोल्डर रिकामं केलं, स्पूलर चालू केला. दहा सेकंद गेले. वीस. एक मिनिट गेलं. चालूच होता. रांगेची खिडकी उघडली तर आत काही नव्हतं. ताई म्हणाली, "झालं. आता एकदाच दाब," आणि तिने फोन ठेवला.

अर्ज गेला होता आणि त्याच्याबरोबर माझी चौदाही निनावी पत्रकं गेली होती. प्रिंटर साडेआठलाच चालला असता तर ती एव्हाना छापून, फाडून, गठ्ठा बांधून तयार असती, आणि मग झालं ते झालं असं म्हणता आलं असतं. आता प्रिंट नव्याने द्यायची होती. कोणती, ते मलाच ठरवायचं होतं.

मी आईला फोन लावला. मागे पातेल्यांचा आवाज, मुलांचा गलका.

"आई, पत्रकाखाली माझं नाव टाकू का?"

"म्हणजे अजून टाकलं नाहीस?"

"तुझ्या अर्जाचं काय?"

"थांब, डाळ लागेल." ती गेली, आली. "अगं, तुझं लिहिणं इथं कोण ओळखत नाही? पहिल्या ओळीत कळेल. नाव नसलं तर म्हणतील, बाईनं घरून लिहून आणलं आणि लपवलं. मग माझ्यावरच येईल. नाव असलं तर निदान म्हणता येईल, पोरगी ऐकत नाही माझं."

"आणि अर्ज नामंजूर केला तर?"

"तर दोघींना काय सांगायचं ते मी बघीन." इतका वेळ सरळ असलेला तिचा आवाज तिथे थोडा अडला. त्या दोघींपैकी एकीचं घर या खिचडीवरच चालतं. "आणि जिऱ्याचा डबा तू कुठं ठेवलायस? सकाळी निघताना शोधला, सापडला नाही. घरून आणायचा राहिला."

मी बारीक फॉन्टमध्ये ओळ टाकली. लिहिणारी म्हणून माझं नाव. छापणारी म्हणूनही माझंच. प्रिंट दाबली, एकदाच. पहिला कागद गरम बाहेर आला. बाबांनी तो खालून वर वाचला, आधी तळाची ओळ आणि मग मजकूर, आणि पट्टी हातात घेतली.

सव्वाअकराला मी फाटकावर होते. पेठ तालुक्यातून मजुरीला आलेली एक बाई दोन्ही मुली घेऊन उभी होती. तिने पत्रक उलटंसुलटं करून माझ्याकडे परत दिलं. "वाचून दाखवा ना ताई. मला लय बारीक दिसतं." मी वाचलं. चार-पाच जणी भोवती जमल्या. "म्हणजे ही हजेरी नाय?" तिने विचारलं. नाही म्हटल्यावर तिने पत्रक घडी घालून कमरेला खोचलं.

सभेत साहेबांनी सह्यांचा कागद पुढे केला तेव्हा तीच पहिली बोलली. आमची पोरं हायवे ओलांडणार नाय, आधी वाचून दाखवा. मग बाकीचे बोलले. साहेबांनी पत्रक मागून घेतलं. त्यांनी ते वाचलं की नाही मला सांगता येणार नाही, पण नजर तळाशी थांबली ते मी पाहिलं. त्यांनी मुख्याध्यापकांना काहीतरी विचारलं आणि मुख्याध्यापकांनी मान वळवून खिचडीच्या खोलीकडे पाहिलं. दारात आई मोठं पातेलं घासत होती. तिने वर बघितलं नाही. सह्यांचा कागद कोरा परत गेला. पुढच्या बैठकीत बघू, असं ठरलं.

त्याला सहा आठवडे झाले. शाळा अजून आहे. आईच्या अर्जावर शेरा अजून आलेला नाही, होकाराचाही नाही आणि नकाराचाही नाही. ती रोज सकाळी जाते, खिचडी करते आणि परत आल्यावर चपला काढता काढता एकदा मान हलवते. म्हणजे आजही काही नाही. बाबा पेपर खाली ठेवतात, मी टायपिंग थांबवते, आणि ती आत गेल्यावर आम्ही दोघं पुन्हा आपापल्या कामाला लागतो.