धुळे ३५ कि.मी.

दिवस कलला, उजेड विरत आला, की पारोळ्याबाहेरच्या जुन्या हमरस्त्यावर एक पाटी उजळते. दिवसा तुम्ही तिच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. हिरवा रंग उन्हानं फिका पडलेला, खालचा कोपरा दुमडलेला, बाभळीची एक फांदी सदैव अंगावर रेललेली. पण गाडीच्या दिव्यांचा झोत पडायचा अवकाश, त्या मळकट पत्र्यावर पांढरी अक्षरं लख्ख उमटतात: धुळे ३५ कि.मी. किती साधं आश्वासन, आणि किती निःशंक!

नवा चौपदरी रस्ता आता गावाला वळसा घालून जातो. तिथल्या पाट्या भव्य, पण त्या वाचायला सवड कुणाला आहे? जुना रस्ता उरला तो कपाशीच्या गाड्यांपुरता, दूधवाल्यांच्या मोटारसायकलींपुरता. रस्त्याची रहदारी गेली, पाटी मात्र कुणी काढून नेली नाही. विसरली असेल, किंवा तिच्यासाठी माणूस पाठवणं कुणाला परवडलं नसेल.

मी लग्न होऊन पारोळ्यात आले आणि ही पाटी माझी झाली. माहेर धुळ्याचं, पांझरेच्या पलीकडे, देवपुरात. माहेरी निघालेल्या बाईला अंतर कळायला आकडा लागतो का? मला लागायचा बाई! एसटीच्या खिडकीतून ती पाटी दिसली की आईची कळण्याची भाकरी, अण्णांची दारातली खुर्ची, नदीवरून येणारा ओलसर वारा, सगळं एकदम पस्तीस किलोमीटरांच्या आवाक्यात यायचं. सासरी परतताना मात्र तिची पाठ दिसे. मागचा पत्रा कोरा होता. त्या कोऱ्या पत्र्याचा मला खरंच राग येई.

एकदा मी त्या पाटीपासून जरा बाजूला, शेताच्या बांधावर उभी होते. एक मोटारसायकल आली, तिच्या दिव्याचा झोत पाटीवर पडला, आणि मला काहीच दिसलं नाही. पाटी माझ्या लेखी तशीच काळी. तेव्हा उमगलं की या पाट्यांचं तेज सगळ्यांसाठी नसतंच. जो प्रकाश टाकतो, त्याच्याचकडे ते परत जातं. ओढीचंही असंच नाही का? ज्याच्या मनात ती असते, त्यालाच गाव दिसतं, शेजारच्याला नुसता अंधार. माझ्या यजमानांना त्या पाटीत कधी काही दिसलं नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

अण्णा गेले आणि आईला मी इकडे घेऊन आले. देवपूरचं घर भाड्याचं होतं. आई निघाली आणि मालकानं ते पाडून तिथं इमारत उठवली. हे मला समजलं, पण आईला सांगायला जीभ रेटेना. उभा संसार जिथं केला, त्या जागेवर आपल्या चुलीचा दगडही उरला नाही, हे त्या वयात कुणाला कसं सांगावं?

दिवेलागणीला आई कासावीस व्हायची. पदर सावरून दारात यायची आणि म्हणायची, “चाल ना माय, घर जाऊत.” मग मी तिला गाडीत बसवून जुन्या रस्त्यानं निघायची. वाटेतली प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचायची तिची जुनी सवय. शाळा चारच इयत्ता झालेली, त्यामुळे दुकानांच्या आणि रस्त्यांच्या पाट्या हेच तिचं वाचन. त्या हिरव्या पाटीपाशी मी गाडी थांबवायची. ती वाचायची, “धुये, पस्तीस,” आणि तिचा चेहरा निवायचा. मग मी म्हणायची, “आज उशीर झाला गं, उद्या जाऊ.” कधी पेट्रोल कमी असायचं, कधी पुढं रस्ता खोदलेला असायचा. ती मान डोलवायची. पण एखाद्या दिवशी ती हट्टाला पेटेल, पुढं चल म्हणेल, मग मी तिला कुठं नेऊ? या धास्तीनं मी लगेच गाडी वळवायची.

परवा मात्र वेगळंच झालं. तिनं पाटी वाचली, आणि मी उशिराचं कारण सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. “रोज रोज खोटं कसाले बोलस? घर त्यास्नी पाडी टाकं, माले माहीत शे. देवपूरनी शेजारनी अक्कानं कव्हयच सांगं.” मग ती हळूच म्हणाली, “पुढे नको जाऊ माय. आठेपावतच लई येत जाय. आठेपावत आपलं घर शे.” आठेपावत, म्हणजे इथपर्यंत, या पाटीपर्यंत.

म्हणजे इतके दिवस मी तिला सांभाळत नव्हते. तीच मला सांभाळत होती, माझ्या प्रत्येक बहाण्याला मान डोलवून! रडू आलं, ते मी आवरलं नाही. गाडी वळवायला हवी होती, घरी कुकर लावायचा होता. पण आईनं पुढं झुकून पाटी पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतली, आणि तिचं वाचून होईपर्यंत मी दिवे चालू ठेवले.