पोथी कपाळाला लावण्याची किंमत

मंडळी, हे पत्र वाचून पुढच्या घरी धाडा. आज दुपारी मस्तगडच्या लिलावात मी माझाच घात केला.

माझ्या दिवंगत गुरुजींच्या हस्ताक्षरातली व्याकरणाची पोथी जुन्या सामानात विक्रीला होती. गरज अजिबात दाखवायची नाही, असं ठरवून गेल्तो. म्हणून अर्धा तास एक पितळी पिकदाणी भक्तिभावाने न्याहाळली. पण पोथी हातात आली आणि सवयीने कपाळाला लागलीसुद्धा!

शेजारच्या व्यापाऱ्याने ते बराबर टिपलं. "पंडितजी, माल बिलकुल अस्सल दिसतो," म्हणत त्याने बोली चढवली. मी बोललो की तो वर जायचा. शेवटी जवळचे होते नव्हते ते सगळे हाली रुपये, म्हणजे आपले निजामी नाण्यातले, बोलून टाकले.

"एक बार, दो बार..."

"अजून एक रुपया," व्यापारी म्हणाला. पोथी त्याची झाली.

"कोणत्या देवाची हो ही?" त्याने मला विचारलं.

"देवाची नाही, व्याकरणाची. अक्षर माझ्या गुरुजींचं आहे."

"मंग तर जपून ठिवली पाहिजे," म्हणत त्यानेही ती कपाळाला लावली आणि पिशवीत टाकली.

खरं सांगा, पोथी हातात आल्यावर तुम्ही तरी हात आवरला असता का?