गावाच्या नावाचा भुंगा

"उलटं करून पाहा, मॅडम," हे सरांचं ठरलेलं वाक्य. चहाबरोबर बिस्किट आलं तरी ते आधी पालथं करत, मग खात. बाजारात वांगं असो की दुकानातला पितळी गडवा, सगळ्यांचं आधी पोट पाहायचं. भंडाऱ्याच्या आमच्या कॉलेजात मी मराठी शिकवायचे, ते प्राणिशास्त्र. यांचा मुलगी पाहण्याचा कार्यक्रम कसा झाला असेल, यावर स्टाफरूममध्ये बरंच बोलून झालं होतं.

सर आता नाहीत, म्हणून त्यांची बाजूही सांगते. दोष भुंग्यांचा होता. तळ्यातले, मोहरीएवढे पाणभुंगे हा त्यांचा विषय. दोन जवळच्या जाती पाठीवरून अगदी सारख्या दिसतात. फरक असतो खालच्या बाजूला, पायांच्या काट्यांत. तिथंही नाही सापडला तर नराच्या पोटात दडलेल्या बाकदार, केसाएवढ्या अवयवात. तो सुईनं ओढून काढताना सर श्वास रोखून बसत. त्या वेळी हाक मारणारा माणूस त्यांच्या मनातून उतरायचा. मीही उतरले आहे.

सरांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. त्याआधी गावच्या बोडीतून, म्हणजे लहानशा तळ्यातून, त्यांनी काही भुंगे स्पिरिटच्या बाटलीत घालून आणले होते. या भुंग्यांच्या पाठीवर दोन पिवळे ठिपके जास्तीचे होते. तसं वर्णन सरांना कुठल्याच पुस्तकात सापडेना. नवी जात निघाली तर नाव ठेवायचा मान शोधणाऱ्याचा, आणि सरांनी गावाचंच नाव ठरवून टाकलं. पुनर्वसनाच्या वस्तीत राहणारी त्यांची म्हातारी माय शेजारणींना सांगून मोकळी झाली, "आमच्या गावाचं नाव आता पुस्तकात राहीन."

सगळ्यात जवळची जात एकोडीच्या तलावात मिळायची. तिथला नर आणि बाटलीतला नर, दोघांचे अवयव सरांनी काचेवर शेजारी शेजारी ठेवले. मी प्रयोगशाळेत गेले तेव्हा ते सूक्ष्मदर्शकापासून खुर्ची मागे सरकवून बसले होते.

"सारखेच आहेत, मॅडम. ठिपके त कमीजास्त होतच राहतात."

"तरी नाव देऊन टाका ना. कोण बघायला येतंय?" मी म्हटलं. मला मनापासून तसंच वाटत होतं.

"मी पाह्यलं ना." मग म्हणाले, "मायले कसं सांगू, तेवढं सांगा."

रविवारी ते मला सोबत घेऊनच मायकडे गेले.

"माय, गावाचं नाव नाही देता येत. हा जुनाच भुंगा हाय. एकोडीच्या तलावातबी हेच हायेत."

माय लुगड्याचा पदर चाचपत बसली. मला तिच्याकडे बघवेना.

"म्हंजे आपल्या बोडीतले सारे नाही बुडाले?" तिनं विचारलं.

"नाही बुडाले, माय."

"मंग मले दाखव."

तसेच आम्ही माझ्या गाडीनं एकोडीला गेलो. सरांनी काठावरून जाळी फिरवली आणि एक भुंगा स्टीलच्या वाटीत सोडला. मायनं वाटी अगदी डोळ्यांशी नेली. तिला काय दिसलं कोण जाणे, पण तिचा चेहरा उजळला. सरांनी हाताच्या सवयीनं स्पिरिटची बाटली उघडली.

"त्याले नको नेऊ, बाबू," माय म्हणाली. "त्याचं तळं हाय ना अजून. राहू दे."

सरांनी झाकण परत लावलं आणि वाटी हळूच पाण्याला टेकवली. भुंगा लगेच दिसेनासा झाला. माय तरी पाण्याकडे पाहत राहिली, आणि सर तिच्याकडे.